दोन नोकऱ्यांच्या मधले साठ दिवस

परदेशात शिकवायला गेलेल्या शिक्षकाची नोकरी सुटली, की त्याचे दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. पहिला पैशाचा, तो सर्वांनाच कळतो. दुसरा दिवसांचा. ज्या व्हिसावर तो त्या देशात राहतो, त्या व्हिसावर नाव त्याचे असले तरी आधार नोकरीचा असतो. नोकरी गेली की तो आधार निघतो आणि कायद्याने दिलेली सवलतीची मुदत एकेक दिवसाने कमी होऊ लागते. अमेरिकेत ही मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची, ब्रिटनमध्येही साधारण तेवढीच, तर आखातात देशागणिक निराळी. सप्टेंबर २०२५ नंतर अमेरिकेतील या ६० दिवसांची किंमत एकाएकी वाढली आहे. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांना ती अधिक जाचणारी आहे. त्याची काही कारणे तिकडे आहेत आणि काही, बरीचशी, इकडेच आहेत.

शिक्षक घडवणे हा या दोन जिल्ह्यांचा जणू जोडधंदाच. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीतून ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गेला. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही. डी.एड., बी.एड.च्या महाविद्यालयांचे तर एके काळी पीक आले होते. पण शिकवणाऱ्यांची ही फौज उभी राहत असतानाच राज्य सरकारने मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आणली. पुढे अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल आले, तरी पहिली चाचणी व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला आणि दुसरीला २०२३ चा फेब्रुवारी. तोवर शिक्षणसेवक म्हणून निवड झालेल्या प्राथमिक शिक्षकाला महिन्याला ६ हजार रुपये मिळत होते. ते १६ हजार झाले तेही २०२३ मध्येच. महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षे काढणाऱ्यांची कहाणी याहून वेगळी नाही. अशा माणसाने दुबई, मस्कत, लंडन वा टेक्सासची जाहिरात वाचली आणि अर्ज केला, तर त्यात आश्चर्य कसले?

हे काही अगदी आजचे नाही. सम्राट हैले सेलासीच्या काळात इथिओपियाच्या शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. भूतान, नायजेरिया, झांबिया येथेही आपले मास्तर गेले. पण तेव्हा बहुधा एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या गरजेपोटी दिलेली ती नेमणूक असे. करार संपला की परत येणे ठरलेले असे. आज मालक खासगी शाळा किंवा स्थानिक शाळामंडळ असते, करार वर्षाचा असतो, आणि शिक्षकाचे घरभाडे, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता हे सगळे त्या वार्षिक कराराच्या पलीकडे पसरलेले असते.

प्रथम एक घोळ दूर करायला हवा. आपण सहज ‘व्हिसा वाढवून घेणे’ म्हणतो. अमेरिकेच्या बाबतीत पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा केवळ दारात उभे राहून आत येऊ द्या म्हणण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहता येईल हे ठरते ते प्रवेशाच्या वेळी झालेल्या आय-९४ या नोंदीवर आणि ज्या नोकरीसाठी प्रवेश मिळाला ती चालू आहे की नाही यावर. व्हिसा २०२७ पर्यंतचा आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसाची नोकरी २०२६ च्या जूनमध्ये गेली, तर त्या व्हिसाचा त्याला आत राहण्यासाठी काडीचा उपयोग नाही. उलट व्हिसाची तारीख उलटून गेली असली, तरी नोकरी आणि आय-९४ शाबूत असेल तर तो निर्धास्त राहू शकतो. आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट अशी, की पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर प्रवेशाच्या वेळी अधिकारी आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आणून ठेवू शकतो. नोकरी तीन वर्षांची आणि राहण्याची परवानगी दीड वर्षाची, असे झाल्याचे अनेकांना फार उशिरा कळते.

आता या ६० दिवसांकडे येऊ. १७ जानेवारी २०१७ पासून अमेरिकेने एच-१बी व तत्सम व्हिसावरील नोकरदारांना ही सवलत नियमात आणली. नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस, किंवा मंजूर मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. हे ‘किंवा’ शिक्षकांच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरते. शाळेचा करार १० जूनला संपला, तर ६० दिवस ९ ऑगस्टपर्यंत जातात. पण शाळेने मुळात अर्जच ३० जूनपर्यंतच्या मुदतीचा केलेला असेल, तर हातात उरतात अवघे २० दिवस. शाळा साधारण ऑगस्टच्या मध्यावर उघडतात आणि रिक्त जागा मे-जूनपासून भरल्या जातात हे खरे. पण शाळामंडळाची मंजुरी, राज्याचा अध्यापन परवाना, वकिलाकडून अर्ज, श्रम खात्याची आधीची संमती हे सारे टप्पे जुळून यायला दोन महिने पुरतातच असे नाही. संगणक क्षेत्रातला माणूस बारा महिन्यांत केव्हाही नवी नोकरी धरू शकतो. शिक्षकाला वर्षातून एकच हंगाम असतो. पेरणीचे दिवस चुकले की मग पावसाची वाट पाहत बसायचे, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मुदतीच्या आत नव्या शाळेने अर्ज दाखल केला, तर तो मंजूर होण्याची वाट न पाहता अर्ज पोहोचताच नव्या जागी शिकवणे सुरू करता येते. ही तरतूद शिक्षकांच्या बाजूची आहे. अर्ज होऊ शकत नसेल, तर निदान राहता यावे म्हणून बी-२ म्हणजे पाहुण्याच्या दर्जासाठी ६० दिवस संपण्यापूर्वी अर्ज करण्याची वाट आहे. या दर्जावर नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात, असे अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर खात्याने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले होते. काम मात्र करता येत नाही. लातूरच्या माणसाला अशा वेळी पहिली आठवण शिकवणीची होणार हे उघड आहे. पण मोबदला घेऊन घरी चार मुले शिकवणे हेदेखील परवान्याबाहेरचे कामच. संगणकावरून भारतातल्या मुलांचे वर्ग घेतले तर चालेल का, या प्रश्नावर वकिलांत मतभेद आहेत. मतभेद असलेल्या जागी स्वतःचा पाय ठेवू नये एवढे शहाणपण पुरे.

मराठी कुटुंबांत एक तिसरी वाट बऱ्याचदा उपलब्ध असते. पती संगणक कंपनीत एच-१बीवर, पत्नी शाळेत शिक्षिका, तीही स्वतःच्या एच-१बीवर. तिची नोकरी सुटली तर तिने मुदतीत एच-४ म्हणजे अवलंबितेच्या दर्जासाठी अर्ज करावा. पुढे नोकरी मिळाली की तिच्या सहा वर्षांतील उरलेल्या काळासाठी, एकदा सोडतीतून गेलेली असल्यास पुन्हा सोडतीत न पडता, तिला एच-१बीवर परतता येते. पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यापुढे गेले असेल, तर २०१५ च्या नियमानुसार एच-४ वरही कामाची परवानगी मिळू शकते. एरवी घरगुती बोलण्यात ‘डिपेंडंट’ हा शब्द कमीपणाचा वाटतो. या अडचणीत तो छत्रीसारखा उपयोगी पडतो.

सोडतीचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे. विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न संस्था एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात. सामान्य शाळा बहुतेक वेळा नसतात. म्हणजे नांदेडहून गेलेला एखादा प्राध्यापक विद्यापीठातील तात्पुरती जागा संपल्यावर शाळेत शिकवायला तयार झाला, तरी त्याला मार्चमधील सोडतीत नाव घालावे लागते आणि नाव निघाले तरी काम १ ऑक्टोबरपासून. शाळा मात्र ऑगस्टमध्ये उघडलेली असते. हे वेळापत्रक आखताना शाळा कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हती, हे उघड आहे.

या सगळ्यावर १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा आदेश येऊन आदळला. २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी काढलेल्या या आदेशाने नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर, म्हणजे ८८ ते ९० लाख रुपयांच्या घरातील रक्कम लादली. त्यातून विद्यापीठांना वा शाळांना वगळलेले नव्हते. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, स्थलांतर खात्याने खुलासा केला, की अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य करणाऱ्याची मुदत वाढवणे, दर्जा बदलणे वा नोकरी बदलणे यांना ही रक्कम लागू नाही. वृत्तपत्रांतून हा खुलासा दिलासा म्हणून आला आणि तो होताही. पण त्याचा पुढचा भाग फारसा वाचला गेला नाही. अर्जदार कायदेशीर दर्जात नाही म्हणून त्याला देशात राहून बदल देता येत नाही असे ठरले, तर तो परदेशातून येणाऱ्यासारखाच धरला जाईल आणि १ लाख डॉलर भरावे लागतील.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पूर्वी ६० दिवस चुकले, तर नवी शाळा अर्ज करी, शिक्षक मायदेशी येऊन मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देई आणि परत जाई. विमानाचे भाडे आणि मनस्ताप एवढाच भुर्दंड. आता ६१ वा दिवस ९० लाखांचा ठरू शकतो. शिक्षकाला वर्षाला ५०-६० हजार डॉलर देणारे कोणते शाळामंडळ त्याच्यासाठी एवढी रक्कम मोजेल? संगणक कंपन्यांच्या संघटना बोलल्या. शाळेतल्या गणिताच्या शिक्षिकेसाठी बोलणारे त्या मानाने थोडे.

आणि मायदेशी येणेही पूर्वीसारखे सोपे उरलेले नाही. सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाची मुलाखत स्वतःच्या वा वास्तव्याच्या देशातच द्यावी, असा अमेरिकेचा दंडक आहे; मेक्सिको वा कॅनडात जाऊन शिक्का मारून आणण्याची जुनी युक्ती बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. नोकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या काळात ‘जरा घरी जाऊन येऊ’ हा विचार आई-वडिलांच्या दृष्टीने कितीही गोड असला, तरी वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

मुदतीनंतर राहून गेलेल्यांसाठी १९९६ चा कायदा आहेच. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडला, तर तीन वर्षे प्रवेशबंदी. वर्षाहून अधिक राहिल्यास दहा वर्षे. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अर्ज फेटाळला गेला आणि त्या वेळी अर्जदाराला कायदेशीर आधार उरलेला नसेल, तर हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस काढण्याकडे खात्याचा कल आहे. बी-२ चा अर्ज म्हणजे वेळ काढण्याचे साधन, असे समजून तो निष्काळजीपणे भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

अमेरिकेत शिक्षकांसाठी जे-१ हा आणखी एक मार्ग आहे. तो मुळात सांस्कृतिक देवाणघेवाणीचा. तीन वर्षे आणि नंतर शाळा व पुरस्कर्ती संस्था यांच्या मागणीवरून एक वा दोन वर्षांची वाढ. कार्यक्रम नीट पूर्ण झाला तर आवराआवरीसाठी ३० दिवस. मध्येच नोकरी सुटून कार्यक्रम रद्द झाला तर तेही नाहीत. पाच वर्षे झाली की याच वर्गवारीत पुन्हा येण्यापूर्वी दोन वर्षे बाहेर काढावी लागतात. एक दिलासा मात्र डिसेंबर २०२४ मध्ये मिळाला. ज्या देशांतील विशिष्ट कौशल्याच्या लोकांनी दोन वर्षे मायदेशी राहिल्याविना एच-१बी वा ग्रीन कार्डाकडे वळू नये, अशी अट होती त्या यादीतून भारत वगळला गेला. सरकारी पैशावर गेलेल्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइटवाल्यांना, ती अट अजून लागू आहे.

ब्रिटनचे चित्र शिक्षकांच्या दृष्टीने बरेच सुसह्य म्हणावे लागेल. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देश-प्रदेशांतील पात्र शिक्षकांना इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून मान्यता मिळवण्याची वाट मोकळी झाली. नोकरी संपल्याचे शाळेने १० कामकाजाच्या दिवसांत गृह खात्याला कळवायचे. मग गृह खाते पत्र पाठवून वास्तव्य ६० दिवसांवर आणते. खरी सोय आहे ती तिथल्या राजीनाम्याच्या परंपरागत तारखांत. सरकारी शाळेत ३१ मेपर्यंत राजीनामा दिला की नोकरी ३१ ऑगस्टला संपते आणि नवी १ सप्टेंबरला सुरू होते. मध्ये खंड पडतच नाही. ती तारीख हुकली की पुढची ३१ ऑक्टोबर, डिसेंबरअखेर सुटण्यासाठी. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की तिकडे नव्या शाळेच्या नावाने नवा अर्ज मंजूर झाल्याशिवाय वर्गात उभे राहता येत नाही. जुनी मुदत संपण्यापूर्वी अर्ज केलेला असला, तर निर्णय होईपर्यंत आधीच्या अटींवर वास्तव्य चालू राहते.

मराठवाड्यातून जाणाऱ्यांना आखात जवळचे. तिथल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, अभ्यासक्रम ओळखीचा असतो. पूर्वी तिथली मोठी जाच म्हणजे जुन्या मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र. शाळेने ते दिले नाही तर दुसऱ्या शाळेत जाताच येत नसे. कतारने २०२० मध्ये, ओमानने जानेवारी २०२१ पासून आणि सौदी अरेबियाने काही अटींवर मार्च २०२१ पासून हा पाश सैल केला. संयुक्त अरब अमिरातीत निवास परवाना रद्द झाल्यावर पूर्वी सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळत. २०२२ च्या सुधारणांनंतर वर्गवारीनुसार ही मुदत वाढली, काहींना ती सहा महिन्यांपर्यंत मिळते. तिच्यानंतर दिवसाला ५० दिरहॅम दंड. जानेवारी २०२३ पासून तिथे बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते, पण राजीनामा दिला असेल तर काही नाही, आणि देश सोडला तर तीही थांबते. शाळेने ‘तुम्हीच राजीनामा द्या, बरे दिसेल’ असे सुचवले, तर सही करण्यापूर्वी हा नियम आठवावा.

आता आपल्याकडच्या कारणांविषयी. नवी नोकरी मिळण्याच्या त्या घाईच्या दिवसांत नवी शाळा कागदपत्रे मागते आणि कागदपत्रे नांदेड-लातूरला असतात. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर त्याचा क्रम उलटा. विवाहित शिक्षिकेच्या बी.एड.वर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि दोन्हींना जोडणारे राजपत्र कधी काढलेच नाही. मधल्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, की परदेशी कारकुनाला ती दोन निरनिराळ्या बायकांची प्रमाणपत्रे वाटतात. यात त्याची चूक नाही. आपल्या नावांची रीत आपल्यालाच ठाऊक.

पुढचा टप्पा साक्षांकनाचा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, ओमानसाठी परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल चालते. अमिराती, कतार, कुवेत त्या करारात नाहीत. तिथे वकिलातीचा शिक्का वेगळा. त्याआधी विद्यापीठाची पडताळणी आणि राज्य सरकारचे साक्षांकन. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर, पण आपले राज्य महाराष्ट्र, म्हणून कागद मुंबईकडे धावणार. निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये सुटलेल्या मुलखाला ही उलटी यातायात पडते. वृद्ध वडील किंवा धाकटा भाऊ फायली घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी उभे, आणि पलीकडे कोणाचे तरी ६० पैकी ४० दिवस संपलेले. हे साक्षांकन जाण्यापूर्वीच, एका प्रतीऐवजी दोन-तीन प्रतींचे करून ठेवणे यासारखी स्वस्त तजवीज दुसरी नाही.

परत येणाऱ्याचे तरी काय? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. फुलब्राइटसाठी अमेरिकेला जाण्याकरिता त्यांच्या रजेचा अर्ज २०२२ च्या जानेवारीत अडला, शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर मार्गी लागला आणि त्याच वर्षी जुलैत त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. एवढ्या नामवंताची रजा हा वादाचा विषय होत असेल, तर उदगीर वा देगलूरच्या शिक्षकाने दोन वर्षे बाहेर जाण्याची परवानगी कोणत्या आशेने मागावी? म्हणून तो राजीनामा देऊनच जातो, आणि मग परदेशातली नोकरी सुटली तरी मागे दार उघडे नसते. मुदत संपल्यावरही तिथेच कसेबसे तग धरण्याचा मोह त्यातून निर्माण होतो.

दिल्लीच्या कायद्यातही शिक्षक बसत नाही. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह १८ देशांत जाण्यापूर्वी सरकारची अनुमती लागते. त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो, विमा उतरवला जातो, नोंद राहते. दहावी झालेला या चाळणीतून मोकळा. बी.एड. शिक्षक अर्थातच मोकळा. त्याचा करार कोणी पाहत नाही, तो गेल्याची नोंद होत नाही, आणि तक्रार करायची तर ‘मदद’ पोर्टल किंवा वकिलातीचा कल्याण निधी ही नंतरची दारे. शिकलेल्याला आपले हित कळते, हे त्या कायद्याचे गृहीतक. एका शाळेच्या मर्जीवर निवास अवलंबून असलेल्या शिक्षकाला ते कितपत लागू पडते, हा प्रश्न १९८३ मध्ये कोणी विचारला नव्हता. या कायद्याच्या जागी आणावयाच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला. शिक्षक आणि परिचारिका यांच्यासारख्या शिकलेल्या स्थलांतरितांच्या कराराची किमान नोंद त्यात सक्तीची व्हावी, ही मागणी मराठवाड्याच्या खासदारांनी लावून धरण्याजोगी आहे. राज्य सरकारने तर कोणत्याही विधेयकाची वाट न पाहता नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत पदव्यांच्या साक्षांकनाची एकेक खिडकी उघडावी.